पुतळाबाईचा हिस्सा

करावे गावचा दत्तू तांडेल कुणाच्या बापाला भ्यायचा नाही, असा त्याचा लौकिक होता. रबाळ्याच्या कारखान्यात त्यानं तीस वर्षं काढली, तेवढ्यात तीन मॅनेजर बदलले आणि तिघांच्याही टेबलावर कामगारांच्या वतीनं त्यानं मूठ आपटली होती. हाच दत्तू त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला निबंधक कार्यालयाच्या आवारात उभा होता आणि फाटकातून आत वळणारी प्रत्येक रिक्षा बघून दोन पावलं मागं सरकत होता. त्यातल्या एका रिक्षातून त्याची बहीण उतरणार होती.

बहीण म्हणजे पुतळाबाई. दत्तू अडुसष्टचा, ती बहात्तरची. आई मिठागरावर जायची तेव्हा चार वर्षांची पुतळा तान्ह्या दत्तूला कडेवर घेऊन गावभर हिंडायची, आणि लोक म्हणायचे की पोरगी पोराला धरून आहे की पोरगा पोरीला, तेच कळत नाही. ती लग्न होऊन उरणच्या बाजूला गेली. तिथं तिनं सुकी मासळी विकून तीन पोरं मोठी केली, नवऱ्याला शेवटपर्यंत सांभाळलं, आणि कुणापुढं हात पसरला नाही. दत्तू तिला 'बाय' म्हणायचा. आयुष्यात त्यानं तिच्याशी भांडण केलं नव्हतं. जे केलं होतं ते भांडणापेक्षा वाईट होतं, आणि तिला ते ठाऊक नाही अशी त्याची समजूत होती.

करावेभोवती नवं शहर उभं राहिलं तेव्हा गावची भातशेती त्यात गेली. दत्तूचे वडील हिरामण मिळालेल्या पैशाकडे दोन दिवस नुसते बघत बसले. जमिनीवाचून त्यांना करमेना. मग त्यांनी उरणच्या वाटेवर पाच गुंठे जागा घेतली, पुतळाच्या सासरगावाला लागून. त्या खाऱ्या मातीत गवतही धड येत नव्हतं. लोक हसले. पुढं तिथं रस्ता झाला, कंटेनरची गोदामं झाली आणि लोकांचं हसू बंद झालं. पण ते बघायला हिरामण राहिले नाहीत. ते आधीच गेले, एकोणीस वर्षांपूर्वी; आई त्यांच्याही आधी.

जागेवर वारसाचं नाव लावायला दत्तू तेव्हा एकटाच गेला होता. तलाठी कार्यालयाच्या पडवीत एक जण टाईपरायटर घेऊन बसायचा. त्यानं विचारलं, "वारस किती?" दत्तूनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागं उभा असलेला गावातलाच एक शहाणा पुटपुटला, "बहिनीचं नाव नको घालूस रे. घातलंस की मंग परत्येक सहीला तिला आनत बस. त्या काय घेनार हायत थोड्याच?" सगळे तसंच करत होते. दत्तू म्हणाला, "एक. मीच." टाईपरायटरनं कडकड करून लिहिलं की मयतास अर्जदाराखेरीज अन्य कोणीही कायदेशीर वारस नाही. मयताच्या मासिकाला आलेली त्याची लेक त्या वेळी करावेच्या घरात तांदूळ निवडत बसली होती.

दत्तू लबाड माणूस नव्हता. लबाड असता तर त्याला सुखानं झोप लागली असती. त्याला ती लागेना, म्हणून तो भाऊबीजेला बहिणीला साडी देऊ लागला ती दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा भारी. पुतळाबाई यायची, ओवाळायची, साडी मांडीवर घेऊन पदराची जर बोटानं चाचपायची आणि म्हणायची, "येवढी कशाला रं?" दत्तू म्हणायचा, "र्‍हाऊ दे गं, बाय." आणि पाणी प्यायला आत जायचा.

हे असंच चाललं असतं, पण गेल्या वर्षी दत्तूच्या हृदयात दोन स्टेन्ट बसले आणि त्याला इच्छापत्र करण्याची घाई झाली. मुलगा तेजस आणि मुलगी जागृती, दोघांना निम्मं निम्मं. मी काही जुन्या वळणाचा नाही, हे तो चार जणांना ऐकवून आला. जागृती वाशीला एका बँकेत घरकर्जाची कागदपत्रं तपासते. तिनं बापाची फाईल संध्याकाळभर चाळली आणि जेवताना विचारलं, "बाबा, या जागेवर आत्याचं नाव कुठंय?"

"तवा तशीच पद्धत व्हती," दत्तू म्हणाला.

जागृतीनं घास खाली ठेवला. "तुम्ही मला अर्धं देताय म्हणून तुमचं कौतुक करू, की काय करू, मला कळत नाहीये."

एवढंच बोलली ती. पण पोरीनं मारलेली चपराक बापाला किती दिवस लागते, ते ज्याला पोरगी आहे त्यालाच माहीत. दत्तू महिनाभर धुमसला आणि मग हरेश वकिलाकडे गेला. हरेश गावातलाच, त्याच्या डोळ्यांदेखत वाढलेला. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे वारस नोंद दुरुस्त करायची. त्यात तहसीलचे हेलपाटे, चौकशी, आणि तेव्हाचं प्रतिज्ञापत्र असं का केलं ते सांगत बसायचं. दुसरी सोपी. सरळ बक्षीसपत्र करायचं, भावानं बहिणीला अर्धा हिस्सा बक्षीस द्यायचा. एका दिवसात नोंदणी, मग फेरफार, विषय संपला. कुणी काही विचारत नाही.

कुणी काही विचारत नाही, हे ऐकून दत्तूला इतकं हलकं वाटलं की तो घरी पायीच आला. त्यानं बहिणीला फोन लावला. "बाय, ती बापसाची जागा हाय ना, त्यातली आर्धी तुज्या नावावर करतंय."

पलीकडून पुतळाबाई म्हणाली, "कवा येऊ?"

आता खरं सांगायचं तर दत्तूला दुसरंच काही ऐकायचं होतं. 'नको रे दत्तू, मना काय करायची, तुज्याकडंच र्‍हाऊ दे', असं बहीण म्हणेल, मग आपण आग्रह करू, मग ती डोळ्यांना पदर लावील, असं त्यानं मनाशी रचून ठेवलं होतं. मनाच्या पार तळाशी, जिथं माणूस स्वतःही फारसा जात नाही, तिथं अशीही एक आशा होती की आग्रह करूनही ती नकोच म्हणेल. पुतळाबाईनं तारीख विचारली, वेळ विचारली आणि आधार कार्ड लागेल का ते विचारलं.

आणि आता ती रिक्षातून उतरत होती. हिरवं नऊवारी, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. आल्या आल्या तिनं भावाच्या चेहऱ्याकडं बघितलं.

"गोली घेतलीस का सकालची?"

"घेतली."

"तोंड का असं झालंय मंग? हे धर, कोलंबीचे सोडे आनलेत तुना. उन्हात नीट वालवलेले हायत." पिशवी त्याच्या हातात देऊन तिनं भाचीच्या गालावरून हात फिरवला. "जागृती, तू रजा काढलीस? कशाला गं? साक्षीला कुनीबी चाललं असतं."

आवारात पिंपळाखाली हरेश वकिलानं टेबल टाकलं होतं. लॅपटॉप, छोटा प्रिंटर, शाईचा पॅड. दस्त तयार होता. मुद्रांक भरून झाला होता, चौदा नंबरचं टोकन मिळालं होतं, आणि आतून दहावा नंबर पुकारल्याचा आवाज नुकताच आला होता. हरेशनं पानं फिरवून पुतळाबाईपुढं सरकवली आणि पेन दिलं. "आत्या, इथं, इथं आणि परत्येक पानाच्या खाली. मग आत मॅडम विचारतील मान्य आहे का, तर हो म्हणायचं."

"काय लिवलंय?"

"तेच. अर्धी जागा तुमच्या नावावर."

"मंग वाचाय काय हरकत हाय?" पुतळाबाई चौथी शिकलेली. तिला वाचता यायचं, पण अक्षराला अक्षर जोडत, सावकाश. तिनं कागद जागृतीकडं दिले. "तू वाच. भरभर नको."

जागृतीनं बापाकडं एकदा पाहिलं आणि वाचायला सुरुवात केली. नावं झाली, वयं झाली, पत्ते झाले, चतुःसीमा झाल्या. मग ती वाचू लागली, "लिहून देणार यांच्या संपूर्ण मालकीची व निर्वेध वहिवाटीची सदर मिळकत असून, त्यातील अर्धा अविभक्त हिस्सा लिहून देणार हे आपली बहीण लिहून घेणार यांना नैसर्गिक प्रेमापोटी व मायेपोटी बक्षीस..."

"थांब," पुतळाबाई म्हणाली. "परत वाच. कोनाच्या मालकीची?"

जागृतीनं परत वाचलं. संपूर्ण मालकीची. या वेळी तिचा आवाज थोडा खाली गेला.

पुतळाबाईनं पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं. "मी सही नाय करनार."

दत्तूला आधी काही कळलंच नाही. आग्रह, पदर, अश्रू, सगळ्याची तयारी करून आलेला माणूस तो, याची तयारी त्याच्याकडं नव्हती. "बाय, आगं तुजंच भलं हाय त्याच्यात. आर्धी देतंय मी."

"तू देतंस," ती म्हणाली. "तेच म्हनते मी. तू मना बक्षीस देतंस. मंग मना तुजे उपकार मानाय लागतील. दर भाऊबीजेला ताट खाली ठिवलं की मानायचे. मानू?"

हरेश मध्ये पडला. त्याला चौदा नंबरची काळजी होती. "आत्या, शब्दावर कशाला जाता? कायद्याची भाषा असते ती. नाव कुठल्या का दारानं येईना, आत आलं म्हणजे झालं."

"बापसाच्या घरात मी मागच्या दारानं कशाला येऊ?" तिचा आवाज चढलेला नव्हता. मासळीचा भाव सांगावा तसा तो सपाट होता. "मी हिरामणाची थोरली हाय. माज्या बापसानं ती जागा घेतली तवा पयल्यांदा मना दाखवाय नेली व्हती, दत्तूला नाय. तुजं सासरचं घर हितून दिसतंय बोलला. ती जागा मना बक्षीस नको."

दत्तूनं शेवटचा प्रयत्न केला, आणि तो करताना त्याला स्वतःचीच लाज वाटली. "बाय, ते कागदाचं काय असतं, तुना समजायचं नाय..."

"मना समजतंय." पुतळाबाईनं भावाकडं सरळ बघितलं. "तुजे भावोजी आमच्या शेताचा उतारा काढाय गेले व्हते, बापूस जाऊन दोन वर्सं झाली तवा. शेजारचा म्हनून त्यांनी ह्या जागेचाबी काढला. तू एकलाच व्हतास त्याच्यावर."

जागृतीनं हातातले कागद टेबलावर पालथे ठेवले. हरेशनं उगाच लॅपटॉपकडं नजर वळवली.

"भावोजींना ठावं व्हतं?" दत्तूनं विचारलं.

"ते बोलले, वकील करू, कोर्टात जाऊ. मी दोन दिवस जेवली नाय. तिसऱ्या दिशी ते गप झाले. मरेपतुर गप र्‍हायले."

सतरा वर्षं. दत्तूनं हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. सतरा भाऊबीजा. दर वेळी ती सगळं माहीत असून आली होती. त्याला पाटावर बसवून, कुंकू लावून, त्याच्या तोंडावरून दिवा फिरवून गेली होती, आणि तो मात्र आतल्या खोलीत पाणी पीत उभा राहिला होता. तीन मॅनेजरना न घाबरलेल्या दत्तूला बाकड्यावर बसावं लागलं.

"मंग बोलली का नाय मना?" तो म्हणाला. "दोन कानाखाली मारल्या असत्यास तरी चाललं असतं."

"तू सोता बोलशील म्हनून थांबली." पुतळाबाई त्याच्या शेजारी बसली. "साड्या भारी व्हत चालल्या तवा वाटलं, आता बोलंल. औंदा नाय तर पुढल्या वर्साला बोलंल. येवढा येल लागंल असं नव्हतं वाटलं."

"मंग यायची कशाला? तोंडबी बघाय नको व्हतं माजं."

"मी भावाकडं यायची. तलाठ्याकडं नाय यायची." तिनं पदर सारखा केला. "आयस मिठावर जायची तवा मीच सांभाललाय तुना. तू मना इसरलास, तशी मी तुना कशी इसरू?"

आतून चौदा नंबरचा पुकारा झाला. हरेश अर्धवट उठला, दोघांकडं बघून परत बसला. दुसऱ्यांदा पुकारा झाला. एक शिपाई दारात येऊन "चौदा, तांडेल" असं ओरडून गेला. दत्तू जागचा हलला नाही. त्याला आता जे करायचं होतं ते आत बसलेल्या मॅडमपुढं करता येण्यासारखं नव्हतं.

"बाय," तो म्हणाला, "तलाठ्याच्या पडवीत त्यानं इचारलं वारस किती. मी निघालो तवा तू घरात तांदूल निवडत व्हतीस. मी बोललो, एक. मना कुनी जबरदस्ती केली नाय. पद्धतबिद्धत काय नाय. मना हाव सुटली आनि मी तुना मारून टाकली कागदावर." डोळे पुसायला त्याच्याकडं रुमालही नव्हता. सोड्यांची पिशवी छातीशी धरून तो मोठ्या माणसानं रडू नये तसा रडला, आणि पिंपळाखालची चार टेबलं ते बघत राहिली.

पुतळाबाईनं त्याला रडू दिलं. गप बस म्हणाली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. हे तिला ऐकायचं होतं, आणि त्यातलं एक अक्षर तिला वाया घालवायचं नव्हतं. तो शांत झाल्यावर तिनं पदराच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

"हरेश," दत्तू म्हणाला, "हे बक्षीसपत्र रद्द कर. तू ती पयली वाट बोलला व्हतास ना, ती धर. नोंद दुरुस्त करायची. अर्ज आत्ताच लिव."

"काका, भरलेला मुद्रांक परत मिळायला फेऱ्या पडतील. आणि तहसीलला वर्षभर तरी..."

"पडू दे. लिव."

हरेशनं सुस्कारा टाकला आणि टाईप करू लागला. असले अर्ज त्यानं शेकड्यांनी केले होते, मजकूर तयारच असायचा. पाच मिनिटांत त्यानं वाचून दाखवला. कैलासवासी हिरामण तांडेल यांना दोन अपत्ये, मुलगी पुतळा आणि मुलगा दत्तू. "पूर्वीच्या वारस नोंदीच्या वेळी अर्जदाराकडून मुलीचे नाव अनवधानाने राहून गेले, तरी..."

"राहून नाय गेलं," दत्तू म्हणाला. "मी लिवलं नाय. ठावं असून नाय लिवलं. तसंच टाक."

हरेशनं हात कीबोर्डवरून उचलले. "काका, डोकं ठिकाणावर ठेवा. खोटं प्रतिज्ञापत्र करणं हा गुन्हा आहे. उद्या तुमच्याच सहीच्या कागदावरून तुमच्यावर केस होईल. या वयात पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढणार आहात का?"

"चढीन. खोटं लिवून एकदा बघितलंय मी. आता नको."

बापाला अडवावं की नाही, ते जागृतीला कळेना. कित्येक दिवसांनी तिला त्याचा अभिमान वाटत होता आणि त्याच क्षणी त्याच्या हृदयातल्या दोन स्टेन्टची भीतीही वाटत होती. तिनं आत्याकडं बघितलं.

पुतळाबाई बाकड्यावरून उठून लॅपटॉपजवळ आली. पडद्यावरच्या त्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. "हे पयलं लिवलंय तेच र्‍हाऊ दे."

"बाय, आगं तूच बोललीस ना," दत्तू गोंधळला. "खरं काय ते..."

"मना खरं पायजे व्हतं, ते मना भेटलं. सरकारला कशाला पायजे? तहसीलदार काय तुजी बहीन हाय?" मग हरेशकडं वळून, त्याच सपाट आवाजात ती म्हणाली, "लिव बाबा. राहून गेलं. माजा भाव म्हातारा झालाय, इसरतो. आनि खाली हिस्सा नीट लिव. आर्धा. त्याच्यातला एक फूट सोडनार नाय मी."

हरेशनं प्रिंटर चालू केला. कागद बाहेर आला तेव्हा दत्तूनं सही करण्याआधी पेन बहिणीपुढं धरलं. थोरली ती होती.